छातीचा पट्टा आणि मनगटावरची तुळस

शनिवार, १३ डिसेंबर. आज दोन कामं आहेत. लेकीनं दिलेलं घड्याळ पुसून त्याच्या खोक्यात परत भरायचं, आणि कॉलेज रोडला जाऊन हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा आणायचा. पहिलं झालं. दुसऱ्यासाठी दिलीप तयार व्हायची वाट बघतेय. सुट्टीच्या दिवशी त्यांना आंघोळीची घाई नसते, म्हणून तेवढ्यात हे लिहायला घेतलंय.

दिलीप म्हणजे माझे यजमान. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते. लिहिताना नाव सोपं पडतं.

लिहायचं कारण असं की माझी अँजिओप्लास्टी झाल्यापासून ओळखीच्या बायका मला लिफ्टमध्ये गाठतात आणि विचारतात, "मंगलताई, आमच्या ह्यांनाही डॉक्टरांनी सायकल सांगितलीय, कुठलं घड्याळ घेऊ?" लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत याचं उत्तर देता येत नाही. ज्यांना तेवढंच हवंय त्यांच्यासाठी: मी मनगटावरचं सोडून छातीचा पट्टा घेतेय, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. बाकीच्यांनी बसून वाचा.

दाताच्या खुर्चीत

मी सातपूरला एका छोट्या कारखान्यात तपासणीला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात, मी ते मोजते. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत जातो. या कामात इतकी वर्षं गेली, की कुणाच्या घरी गेले तरी भिंतीवरची चौकट तिरकी आहे का, हे आधी दिसतं.

जुलैत माझी डावीकडची खालची दाढ दुखायला लागली. जिना चढला की दुखायची, बसलं की थांबायची. अशी दाढ कुणी बघितलीय का? पण तेव्हा मला हे सुचलं नाही. लवंग धरली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, आणि एका सकाळी कामावर जायच्या आधी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दाढेवर टकटक केलं, आरसा फिरवला, आणि आरसा ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"ताई, दाढ ठणठणीत आहे. हा घाम कधीपासून येतोय?"

"आत्ताच. तुमचा जिना चढले ना."

"खांदा दुखतो?"

"स्कूटर चालवते, दुखतोच."

त्यांनी मला उठू दिलं नाही. चाकाची खुर्ची मागवली आणि आपला माणूस बरोबर देऊन शेजारच्या इमारतीत ईसीजीला पाठवलं. संध्याकाळपर्यंत माझ्या हृदयाच्या एका नळीत जाळी बसली होती. दात तपासायची फी द्यायची राहिली, ती नंतर द्यायला गेले तर त्यांनी घेतली नाही.

मधे मी दिलीपना फोन केला होता. ते अंबडला प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकायच्या यंत्रावर असतात. म्हणाले, "काढली का दाढ?"

मी म्हटलं, "नाही. हृदयात निघालंय काहीतरी. या तुम्ही."

पलीकडे प्रेस पडल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

डोक्यावरचा पडदा

आत नेण्यापूर्वी सिस्टरांनी बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं, सगळं उतरवून एका पिशवीत घातलं आणि दिलीपबरोबर आलेल्या सासूबाईंच्या हातात दिलं. अंगावर उरली ती फक्त डाव्या मनगटावरची तुळस. गोंदलेली. माझं माहेर सिन्नरकडचं. लहानपणी आत्यानं जत्रेत धरून बसवलं होतं आणि गोंदणारणीनं मनगटाच्या वरच्या बाजूला भरगच्च वृंदावन काढलं. तीन दिवस हात सुजला होता.

सासूबाईंनी पिशवी छातीशी धरली आणि माझ्या मनगटावरून हात फिरवला. म्हणाल्या, "हे कोन काढून घेनार हाय? गोंदान वर पन संगती येतं."

त्यांना धीर द्यायचा होता. पण स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ऐकायला हे वाक्य फारसं बरं नाही.

हॉस्पिटलचं वेळापत्रक सगळीकडे सारखंच असावं. पहाटे अंग पुसणं, बिनसाखरेचा चहा, रक्त घ्यायला येणारा माणूस, मग डॉक्टरांची फेरी, मग काहीच नाही. डोक्यामागे मॉनिटरचा पडदा होता, त्यावर माझे ठोके दिसत. मी मान वळवून सारखी बघायची. कूस बदलली की आकडा चढायचा, खोकले की रेघ वेडीवाकडी व्हायची. सिस्टर दोनदा म्हणाल्या, "ताई, तुम्ही नका बघू. तो आमच्यासाठी आहे." तिसऱ्यांदा काही न बोलता त्यांनी पडदाच पलीकडे फिरवून ठेवला.

तिथल्या आयामावशींचे उपकार मात्र मी विसरणार नाही. माझ्या केसांचा पार गुंता झाला होता. कुणी सांगितलं नसताना त्यांनी दुपारी फणी आणली, हळूहळू गुंता सोडवला आणि घट्ट वेणी घातली. त्या वेणीनंतर पहिल्यांदा मला आपण माणूस असल्यासारखं वाटलं. तुमच्या घरचं कुणी ॲडमिट असेल तर फळं कमी न्या, फणी न्या.

भीतीबद्दल लिहायला हवं. मरायची भीती वाटली का? त्या घाईत तिला वेळच मिळाला नाही. भीती वाटली ती नंतर, भेटायची वेळ संपल्यावर. आजवर मी मोजणारी होते. आता जन्मभर कुणीतरी मला मोजत बसणार, आणि केसाएवढा फरक निघाला की बाजूला ठेवणार, असं वाटलं.

टॅटू आहे का कुणाला?

घरी आल्यावर आधी चालणं झालं, मग चालण्याची तपासणी झाली, आणि डॉक्टरांनी सायकल सांगितली. घरातली, एका जागी उभी असते ती. हृदयाचा वेग एकशे दहाच्या वर न्यायचा नाही, असं बजावलं.

मी म्हटलं, "मोबाइलवर वयाचा हिशोब वेगळा दाखवतात."

"तो हिशोब तुमचा नाही. तुमच्या गोळीनं हृदयाला लगाम घातलाय. तुमचा आकडा तुमच्या तपासणीतून काढलाय. दुसऱ्या कुणाला तो देऊ नका आणि दुसऱ्याचा घेऊ नका."

म्हणून मी इथे लिहिलेले आकडेही तुमच्या कामाचे नाहीत.

कामावर परत जायचं त्यावरच ठरणार होतं. वीस मिनिटं शंभरच्या आसपास वेग धरता आला आणि त्रास झाला नाही, तर जानेवारीपासून जा, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या मालकांनीही जानेवारीपर्यंत माझी जागा राखतो म्हणून शब्द दिला होता. त्यापुढचं ते काही बोलले नव्हते, आणि मी विचारलं नव्हतं.

सायकल आमच्याच सोसायटीत मिळाली. ज्यांची होती ते तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे. घड्याळ तेजूनं आणलं, आमच्या पुण्याच्या लेकीनं. मनगटावर बांधायचं, खालून हिरवा उजेड पडतो आणि ठोके कळतात. त्याचं तिनं मोबाइलशी सूत जमवलं. माझ्या नव्हे, बाबांच्या. "म्हणजे तुला कटकट नको," म्हणाली. आकडा एकशे दहाच्या वर गेला की अंबडला दिलीपच्या खिशात फोन थरथरणार.

माहितीपुस्तक तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "हाडाच्या जरा वर बांधा. घट्ट नको, सैल नको. टॅटूवर बांधू नका. आहे का इथं टॅटू कुणाला?"

दिलीप म्हणाले, "आईचा असेल. पाठीवर, वाघाचा."

"काय म्हंतोय हा?" सासूबाईंनी विचारलं, आणि आम्ही सगळे हसलो. तेजूनं माझा डावा हात पुढे ओढून त्यावर घड्याळ बांधलं. बरोबर तुळशीवर.

तो तिकडून बघतोय

पहिले काही दिवस बरे गेले. घड्याळ कधी आकडा दाखवायचं, कधी नुसत्या दोन आडव्या रेघा. मला वाटलं, नवीन आहे, रुळेल.

एका दुपारी मी पेडल मारत होते. बाहेर भाजीवाल्याची हाक चालू होती, पायांना छान लय आली होती. घड्याळ थरथरलं. बघितलं तर १७१. खाली लाल बदाम उड्या मारत होता.

मला काहीही होत नव्हतं. हे नीट लक्षात घ्या. दम नव्हता, दुखणं नव्हतं, घाम होता तो सायकलचा. पण तो आकडा बघितल्यावर मात्र व्हायला लागलं. छातीत धडधड, हाताला मुंग्या, डोळ्यापुढे अंधारी. मी सायकलवरून उतरून जमिनीवर बसले.

माझा फोन हॉलमध्ये वाजत होता. तो उचलला नाही म्हणून दिलीपनी घरच्या दुसऱ्या फोनवर केला, तो सासूबाईंनी घेतला. त्या कांदा चिरत होत्या. अर्धा कांदा तसाच हातात घेऊन त्या धावत आल्या आणि माझ्या नाकाला लावला.

"हुंग!"

"आई, मला काही झालं नाही."

"दिलीप म्हंतोय झालंय."

"मी इथं आहे ना? मी सांगतेय."

"तो तिकडून बगतोय. तुला हितं काय कळतंय? हुंग म्हनलं ना!"

अंबडहून दिलीप इतक्या लवकर कसे आले ते मी आजही विचारलेलं नाही. हेल्मेट घालूनच ते खोलीत आले, आणि हेल्मेट घालूनच मला रिक्षात बसवलं. हॉस्पिटलमध्ये ईसीजी झाला, रक्त झालं. सगळं जागच्या जागी. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "यंत्राचं काहीतरी असेल. जा घरी."

घरी आलो. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर सायकलवर दिलीपचा ओला शर्ट.

"हे काय?"

"थोडे दिवस राहू दे," ते म्हणाले. "काय घाई आहे?"

घाई काय आहे ते त्यांना माहीत होतं. जानेवारी. पण मी भांडले नाही, कारण मलाही सायकलवर बसायचं नव्हतं. घरच्यांनी घातलेली बंदी आपल्या सोयीची असली की आपण किती आज्ञाधारक होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

आधी गेज तपासा

आठवडाभरानं सायकलवरचा शर्ट काढून मी बसले. पेडलचा जोर ठरवणारा नॉब सैल करून, पाय नुसते फिरवत. घड्याळ दर दोन मिनिटांनी बघायचं आणि नव्वद दिसले की थांबायचं. हा व्यायाम नव्हे, हे मलाही कळत होतं. तरीही एकदा, नुसती बसलेली असताना, ते ११८ म्हणालं.

तेव्हा माझं डोकं चालायला लागलं. आमच्याकडे एक रीत आहे. माल एकामागून एक चुकीचा यायला लागला तर मशीनवरच्या माणसावर ओरडायचं नाही, आधी मोजायचं साधन तपासायचं. ज्याच्या मापाबद्दल शंका नाही अशा मास्टर तुकड्याशी गेज ताडून बघायचं. साधन पडलेलं असतं, घासलेलं असतं. ते खोटं बोलत नाही, पण चुकतं.

माझ्याकडे मास्टर होता. दोन बोटं आणि सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली, अर्धा मिनिट मोजलं, दुप्पट केलं. सत्तर. मनगटावरचं घड्याळ: ११८. मग रेघा. मग ५४. उजव्या हाताला बांधलं: सत्तर.

म्हणजे माझ्या डाव्या हातात बिघाड आहे, असं मी ठरवलं. बघा, पुन्हा मालच दोषी धरला.

दिलीप घरी आल्यावर त्यांच्या डाव्या हाताला बांधलं. अगदी बरोबर आलं. मग सासूबाईंच्या. त्यांच्या डाव्या हातावर नुसत्या रेघा. उजव्या हातावर पण रेघा. मी वर सरकवलं, खाली सरकवलं. रेघाच.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हंतंय?"

"काहीच नाही म्हणत, आई."

"म्हंजी मी मेली का काय?"

दिलीप म्हणाले, "मेलीस तरी चहा मागशील तू."

"मागती मंग. ठेव म्हनावं तिला."

मी त्यांचा हात धरूनच बसले होते. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवा. रामाचा पाळणा, सीतेची वेणी, विंचू, भावाचं नाव, जागा रिकामी नाही. घड्याळाखाली हिरवा उजेड लुकलुकत होता आणि हिरव्या कातडीवर पडून तिथेच विरत होता. मी माझं मनगट त्यांच्या मनगटाशेजारी ठेवलं. दिलीपही वाकून बघायला लागले.

तेजूला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई. गोंदण म्हणजे टॅटूच ना गं."

आता वाचणाऱ्याला वाटेल, एवढं साधं कसं कळलं नाही? पण टॅटू म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या दंडावरचा. गोंदण म्हणजे तुळस. एका घरात, एका खोलीत, तुळशीवर घड्याळ बांधताना चौघांपैकी कुणालाही ते आठवलं नाही. डॉक्टरांना सांगितलं तर तेही कपाळावर हात मारून म्हणाले, "टॅटूबद्दल मी प्रत्येकाला विचारतो. गोंदणाबद्दल विचारायचं डोक्यातच आलं नाही. माझ्या आईच्या हातावर आहे."

सासूबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे तिरपं बघत म्हणाल्या, "देवानं वळखावं म्हनून गोंदत्यात. आन् ह्याला वळखता येईना."

मागून येणारा आकडा

मग उजव्या हातालाच का नाही बांधत? बांधलं. बसून बरोबर यायचं. पण सायकलचं हँडल घट्ट धरलं की घोटाळायचं, आणि जोर वाढवला की आकडा मागून यायचा. मी बोटांनी शंभर मोजायची तेव्हा घड्याळ पंच्याऐंशीवर असायचं, आणि मी दमून थांबले की ते वर चढायचं. नुसतं फिरायला जाणाऱ्याला चालेल. ज्याला वरची मर्यादा घालून दिलीय त्याला उशिरा सांगणारं साधन काय कामाचं? गाडी दरीत गेल्यावर वाजणारा हॉर्न.

डॉक्टर म्हणाले, छातीचा पट्टा घ्या. तो उजेडावर चालत नाही, ठोक्याबरोबर कातडीवर जो बारीक विजेचा इशारा उमटतो तो पकडतो. पेसमेकर असणाऱ्यांनी आधी विचारावं, तुमच्यासारख्यांना हरकत नाही. आणि पट्टा येईपर्यंत बोटं आहेत, तोंड आहे. पेडल मारताना एक अख्खं वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे.

मी हे वाक्य ठरवून ठेवलं: "आई, दूध उतू जातंय, गॅस बंद करा." पहिल्या दिवशी सासूबाई खरंच उठून गेल्या.

दिलीप तयार झाले. उरलेलं आल्यावर.

दुकानात

आलो. संध्याकाळ झालीय.

दुकान खेळाच्या सामानाचं. दुकानदारांनी दिलीपकडे बघून विचारलं, "सर, किती किलोमीटर मारता?"

दिलीपनी पोट आत घेतलं. "मी नाही. ही मारते."

"अरे वा, मॅडम! मग यात गुलाबी पण येतो."

मी म्हटलं, "रंग राहू द्या. पट्टा धुता येतो का? सेल कुठला लागतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो का? आणि बारीक अंगाच्या बाईला शेवटपर्यंत आवळला तरी सैल राहणार असेल तर आत्ताच सांगा."

मग त्यांनी नीट दाखवलं. पट्टा आणि मधलं यंत्र वेगळं निघतं का ते बघा, म्हणजे पट्टा धुता येतो. आतल्या दोन काळ्या पट्ट्या पाण्यानं ओल्या कराव्या लागतात, कोरड्यावर चालत नाही. छातीच्या खाली, ब्लाउजच्या काठाच्याही खाली बसतो. मी आत जाऊन बांधून बघितला. श्वास भरून घेतला, वाकले, हात वर केले. खाली सरकला नाही. बाहेर येऊन दुकानातच बोटांनी मोजून ताडून पाहिला. दुकानदार म्हणाले, "असं कोणी बघत नाही मॅडम." मी म्हटलं, "बघायला पाहिजे."

दोन प्रकार होते. एकाचा आकडा मोबाइलवर जातो आणि तिथून कुणाकुणाला पाठवता येतो. दुसऱ्याबरोबर हँडलला लावायची छोटी डबी मिळते, आकडा फक्त तिच्यावर. समोर बसलेल्यालाच दिसतो.

दिलीप म्हणाले, "मोबाइलवालाच घेऊ."

मी म्हटलं, "डबीवाला."

दुकानदार शहाणे, ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले. आम्ही बाहेर गाडीपाशी आलो.

"मला दिसलं तर तुझं काय जातं?" दिलीप म्हणाले.

"माझं लक्ष जातं. पेडल मारताना मला वाटत राहतं, तुम्ही तिकडे बघताय. नव्वद झाले की मी थांबते. मला त्रास होतो म्हणून नाही. तुमचा फोन वाजेल म्हणून."

ते गाडीच्या किल्लीशी खेळत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी सिग्नलला थांबलो होतो. एवढा वेळ सिग्नल कधी लागला नव्हता. मला वाटलं, पोचेपर्यंत…" पुढचं त्यांनी सोडून दिलं. "आकडा दिसला की मी काम करू शकतो, मंगल."

"आणि दिसतोय म्हणून मला कामावर जाता येत नाहीये."

एक ओळखीचे गृहस्थ "काय, खरेदी?" म्हणून गेले. शेवटी दिलीपच आत गेले आणि डबीवाला घेऊन आले. गुलाबी नाही, काळा.

सासूबाईंनी घरी तो उलटसुलट करून बघितला. "छातीला पट्टा? आमच्या बैलाला व्हता असा." मग जरा थांबून म्हणाल्या, "बैल चांगला व्हता पन. लय वरसं चालला."

चहा झाल्यावर मी पट्टा बांधला, दिलीपना समोर बसवलं आणि हात पुढे केला. "मोजा."

"कसं?"

"अंगठा नको, त्याला स्वतःचा ठोका असतो. ही दोन बोटं. इथे."

आयुष्यभर प्रेसवर काम करून त्यांच्या बोटांना घट्टे पडलेत. काहीच लागेना. दाबलं, सोडलं, परत दाबलं. चिडून म्हणाले, "मेलं, नाहीच आहे काही."

"हळू. दाबलं की नाडी बंद होते. नुसतं टेकवा."

टेकवलं. अंगठा खालून तुळशीवर आधाराला. ओठ हलायला लागले, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. अर्ध्या मिनिटानं म्हणाले, "चौतीस. म्हणजे अडुसष्ट."

हँडलची डबी माझ्या मांडीवर पालथी होती. उलटून दाखवली. ६९.

"एक चुकला," ते म्हणाले.

"चालेल. एवढा फरक आमच्याकडे पास करतात."

त्यांनी बोटं लगेच काढली नाहीत. मीही हात ओढला नाही.

रविवार

उठले. पट्ट्याच्या काळ्या पट्ट्या नळाखाली ओल्या केल्या. डिसेंबरचं पाणी, अंगाला लागल्यावर शिव्याच आठवल्या. पट्टा बांधला, खोलीचं दार लोटलं, नॉब नेहमीपेक्षा घट्ट केला.

ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वदला पाय आपोआप मंदावले, त्यांना सवय लागलीय. मी त्यांना पुढे ढकललं. शहाण्णव. "आई, दूध उतू जातंय, गॅस बंद करा," मोठ्यानं म्हटलं. अख्खं वाक्य आलं. बाहेरून उत्तर आलं, "आता नाय फसायची मी!"

शंभर. एकशे दोन. तिथेच राहिला, मीही तिथेच राहिले. मधे काही वेळ डबीकडे बघायचंच विसरले. वीस मिनिटं झाली तेव्हा खिडकीबाहेर पेपरवाला सायकल लावत होता.

बाहेर आले तर दिलीप हॉलमध्ये कालचा पेपर उलटा धरून बसले होते. नुसता हात पुढे केला, दोन बोटं काढून. मी मनगट दिलं. मोजून झाल्यावर ते उठले आणि चहा ठेवायला गेले.

मशीनमधले कपडे निघाले होते. ते घेऊन मी गॅलरीत गेले आणि सगळे दोरीवर घातले. दोरी पुरली नाही. दिलीपचे दोन शर्ट उरले, ते सायकलवर नव्हे, खुर्चीच्या पाठीवर टाकले.